पडवीतला हँगर : शिसं, सफेदा आणि चार महिने पाऊस

मृग लागला की माझ्याकडे पत्रं वाढतात. बाहेर पडायची सोय नसते, वीज येऊन-जाऊन असते आणि कपाटावर वर्षभर पडून राहिलेला विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा किट कुणीतरी खाली उतरवतं. मागच्या अंकानंतर आलेली पत्रं आमच्या घरी पोळ्यांच्या डब्यावर साचत गेली, शेवटी डबा उघडता येईना म्हणून बसलो उत्तरं लिहायला. पहिलं पत्र माझ्यावर रागावून लिहिलेलं आहे. पहिला मान त्याला.

वेंगुर्ल्याहून एक वाचक : दोन वर्षांपूर्वी तुम्ही याच सदरात लिहिलं होतं की तीन चाकांवर उभं राहणारं मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात पागाचं (मासे पकडायच्या जाळ्याचं) शिसं भरा आणि सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा. मी तसंच केलं. 1/72 मापाचा सी हॉक, 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरचं जेट. बाबा त्या जहाजावर होते, त्यांच्या पंच्याहत्तरीला दिला. गेल्या महिन्यात पाहतो तर नाक खालून फुटलंय आणि आतून पांढरी पूड येतेय. पडलेलं नाही, कुणी हात लावलेला नाही. हे काय झालं?

चूक माझी आहे, तुमच्या हाताची नाही. तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी माझा सी हॉक काचेच्या पेटीतून बाहेर काढला. तोही त्याच वर्षीचा, त्याच पद्धतीने केलेला. वरून ठणठणीत. खिडकीशी नेऊन नाकाखालच्या जोडावरून नख फिरवलं, तेव्हा केसाएवढी रेघ नखाला लागली. ब्लेडचं टोक घालून जरासं उचकटलं तर जोड भिजलेल्या बिस्किटासारखा सुटला. आत ओल्या चुन्यासारखा लगदा. मी भरले तेव्हा शिशाचे मणी करडे आणि गुळगुळीत होते, आता एकेका मण्यावर साखरफुटाण्यासारखं खडबडीत पांढरं कवच चढलेलं.

झालं ते असं. पांढऱ्या गोंदातून थोडं थोडं ॲसेटिक आम्ल सुटत राहतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. बंद नाकात ते कोंडून राहतं. त्यात आपल्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले की शिशाचं कार्बोनेट तयार होतं. जुने रंगारी ज्याला सफेदा म्हणत, तो हाच. पूर्वी सफेदा करायची रीतच ही होती : शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवायचे आणि वर चढलेली पांढरी साय खरवडून काढायची. आपण दोघांनी नकळत सी हॉकच्या नाकात सफेद्याचा कारखाना काढला. सफेदा मूळ शिशापेक्षा जास्त जागा मागतो आणि प्लास्टिकची भिंत असते मिलिमीटरभर जाडीची. ती किती दम धरणार? पुण्याच्या कोरड्या हवेत हे सावकाश झालं असतं. आपल्याकडे दोन पावसाळे पुरले.

मला हे सुचायला हवं होतं. नोकरीत असताना गोव्यातल्या दाबोळीच्या हँगरमध्ये गंज हा आमचा रोजचा वैरी. विमान समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, मग बाकीच्या गोष्टी. कुठल्या धातूला कुठला धातू लागू द्यायचा नाही, हे पाठ होतं. पण घरच्या विमानाला गंज आतून येईल हे डोक्यात आलं नाही. ज्यांनी ज्यांनी ते उत्तर वाचून नाकं भरली आहेत त्यांनी आपापली मॉडेलं उजेडात धरून पाहावीत.

दुरुस्ती होते. नाकाचा खालचा जोड बारीक ब्लेडने उघडा, जितका स्वतःहून सुटेल तितकाच. आतली पूड कोरडी खरवडू नका, फुंकर तर मुळीच मारू नका, शिसं विषारी असतं. ओल्या कापसाने पुसून काढा, कापूस पिशवीत बांधून टाका आणि हात साबणाने धुवा. हे काम जेवणाच्या टेबलावर करायचं नाही. जागा पूर्ण वाळली की वजन पुन्हा भरायचं, पण गोंद दोन नळ्यांचा, म्हणजे इपॉक्सी. मी आता शिसंच सोडलं आहे. सायकलच्या दुकानात बेअरिंगचे छर्रे मिळतात, ते वापरतो. पोलाद शिशापेक्षा हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाला जवळजवळ दीडपट जागा लागते. सी हॉकच्या बाबतीत तिची चिंता नाही, कारण त्याच्या इंजिनाची हवा पंखांच्या मुळातून आत जाते आणि नाक मोकळं राहतं. छर्रे इपॉक्सीत पूर्ण बुडले पाहिजेत, उघडे राहिलेत तर पुढच्या वर्षी तांबड्या गंजाची तक्रार घेऊन याल.

वजन किती, हे आधी ठरवून घ्या. सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते बांधा, मागची चाकं जिथे येणार तिथे खाली आडवी पेन्सिल ठेवा आणि नाकावर एकेक छर्रा चढवत जा. मॉडेल पुढे झुकलं की वर आणखी दोन टाका. बस.

नाक रंगवण्याआधी बाबांशी एकदा बसा. 4 डिसेंबर 1971 ला 'विक्रांत'वरचे सी हॉक कॉक्स बाजारवर गेले होते. तेव्हा बाबा डेकवर होते का, कुठला आकडा रंगवलेलं विमान त्यांच्या डोळ्यांपुढे आहे, हे विचारून घ्या. आणि पंखांच्या मुळाशी मागे काजळी दाखवायला विसरू नका. सी हॉकचं जेट शेपटीतून बाहेर पडत नाही. ते आत दुभंगून दोन्ही बाजूंनी पंखांच्या मागच्या कडेला निघतं. पुष्कळजण शेपटीच्या टोकाला काळं फासतात आणि मला फोटो पाठवतात.

हर्णैहून एक वाचक : हरिकेन लढाऊ विमानाच्या मॉडेलवर शेवटचा मॅट व्हर्निशचा स्प्रे मारला आणि पाच मिनिटांत सगळं विमान धुक्यात गेल्यासारखं पांढरं झालं. डबा खराब होता का?

डबा चांगला होता, दिवस खराब होता. व्हर्निशमधला द्रव भराभर उडून जातो आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. म्हणजे मॉडेल हवेपेक्षा थंड पडतं. दमट हवेत थंड वस्तूवर काय होतं हे फ्रिजमधली बाटली बाहेर काढणाऱ्याला सांगायला नको. ते दवाचे कण ओल्या व्हर्निशमध्ये अडकतात आणि वरून ते वाळतं.

माझंही झालं आहे. तीन महिने खपून नौदलाचं अलिझे विमान केलं होतं. आषाढातली गोष्ट. चार दिवस झड लागलेली, पाचव्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. मळभ होतं, पण पागोळ्या बंद झाल्या होत्या. म्हटलं एक हात मारून घेऊ. पडवीत वर्तमानपत्र अंथरलं, मारला. चहा घेऊन येईपर्यंत विमानावर पिठीसाखर. हिने तेवढ्यात डोकावून विचारलं, "ह्यां बर्फातला इमान काय?" मी तीन दिवस त्या पेटीकडे पाहिलं नाही.

ते वाया जात नाही, हे नंतर कळलं. कोरडा दिवस येऊ द्या. मॉडेल थोडं ऊबदार करा, त्यावर ग्लॉस व्हर्निशचा एक पातळ हात द्या. पांढरेपणा बहुतेक वेळा विरघळून जातो. मग दुसऱ्या कोरड्या दिवशी मॅट.

पण खरा उपाय पंचांगात आहे. मृगापासून चतुर्थीपर्यंत कापा, जुळवा, पुट्टी भरा, घासा, कॉकपिट ब्रशने रंगवा. यातल्या कशालाही पाऊस आडवा येत नाही. उलट घासायचं काम पाणी लावूनच करायचं असतं, 400 चा पॉलिश पेपर, मग 800, मग 1000. ज्या कामात फवारा आला ते दसऱ्यानंतर. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आपली हवा रंगाला जगात कुठेही असावी इतकी चांगली असते.

अगदीच दम निघत नसेल तर सुकवणीची पेटी करा. जुनं लाकडी खोकं किंवा पत्र्याचा मोठा डबा, वर-खाली दोन-दोन भोकं आणि आत पंधरा वॅटचा तारेचा पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. हवा तापली की तिच्यातली दमटपणाची टक्केवारी उतरते, एवढाच त्यामागचा हिशेब. पेटीत हात घालून निवांत दोन मिनिटं ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर पंख वाकतील. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावू नका. एकाने लावला होता, त्याचं नाव सांगत नाही, तो माझ्या शेजारीच राहतो.

चिपळूणहून इयत्ता आठवीतला वाचक : काका, भारतीय हरिकेनच्या फोटोत विमानावरच्या गोल निशाणीत लाल रंग का नाही? माझ्या किटमध्ये लाल ठिपक्याचे गोल आले आहेत.

तू फोटो नीट पाहिलास, शाबास. ब्रिटिशांच्या गोलात मध्ये लाल ठिपका असे. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर समोर जपानी होते आणि त्यांच्या विमानांवर मोठा लाल गोळा. घाईत, ढगांच्या फटीतून, दोनशे मैलांच्या वेगात कुणी लाल पाहिलं की बंदूक चालायची, मग ते आपलं विमान का असेना. म्हणून त्या आघाडीवर लाल काढून टाकला. गडद निळं कडं आणि मध्ये फिकट निळा, एवढंच ठेवलं. गोल आकारानेही लहान केले. 1944 मध्ये इम्फाळच्या लढाईत आपली 1 नंबरची स्क्वाड्रन हरिकेन घेऊन लढली, तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, जे पुढे मार्शल झाले. त्यांच्यातलं विमान करायचं असेल तर किटमधले गोल बाजूला ठेव. पांढऱ्या रंगात निळ्याचा एक थेंब टाकून फिकट निळा कर आणि कागदात गोल भोक पाडून त्यातून ठिपक. कडा फाटली तर पुन्हा कर. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र आलं आणि मग आजचा केशरी-पांढरा-हिरवा गोल. म्हणजे गोल पाहिला की साल कळतं.

रत्नागिरीहून एक आई : मुलगा चौदा वर्षांचा. दिवसभर दार लावून त्या गोंदाच्या वासात बसतो. अभ्यासाचं नाव नाही. हे सुरक्षित आहे का?

ताई, अभ्यासाचं मला विचारू नका, मी दहावीला गणितात काठावर होतो. पण दार लावून बसणं बंद करा. किटचा पातळ गोंद हा खरं तर गोंद नसतो. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकमेकांत वितळून एक होतात. जे प्लास्टिक विरघळवतं ते फुप्फुसांना चांगलं कसं असेल? खिडकी उघडी, पंखा त्याच्या पाठीमागून खिडकीकडे हवा ढकलणारा, आणि बाटली लगेच बंद. पावसात खिडकी उघडी ठेवता येत नसेल तर पडवीत बसवा. आमच्या पडवीतच माझं सगळं आयुष्य चाललं आहे. दुसरं म्हणजे ब्लेड. कापताना पातं अंगाकडे ओढायचं नाही आणि बोथट झालं की बदलायचं, कारण बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर तीन टाके आहेत, तिन्ही बोथट पात्यांचे.

कुडाळहून एक वाचक : एअरब्रश घेतल्याशिवाय चांगलं मॉडेल होतच नाही का? आणि बाहेरचे रंग महाग पडतात. इथे गाड्यांचा रंग हव्या त्या छटेत बनवून मिळतो, तो चालेल का?

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, नसला तरी होतं. चांगला सपाट ब्रश आणि पातळ केलेल्या रंगाचे तीन हात. जाड एका हातापेक्षा पातळ तीन, दोन हातांच्या मध्ये एक रात्र. घेतलाच तर कॉम्प्रेसरला पाणी पकडणारी बाटली जोडलेली असू द्या, नाहीतर आपल्या हवेत नळीतून रंगाबरोबर पाण्याचे थेंब थुंकले जातात.

गाडीच्या रंगाबद्दल : छटा सुंदर जुळते, पण त्यातलं एनसी थिनर उघड्या प्लास्टिकला खातं. पृष्ठभागाला जाळी पडते, जणू उन्हात तडकलेली शेतजमीन. आधी प्रायमर, मग अगदी कोरडे, दुरून मारलेले धुक्यासारखे हात. ओला हात मारायचा नाही. आधी स्प्रूच्या काडीवर, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या तुकड्यावर, मारून बघा, काड्या काही कमी नसतात. शाळेच्या मुलांचे पाण्याचे ॲक्रिलिक रंग उघड्या प्लास्टिकवर धरत नाहीत, नखाने सुटतात, पण प्रायमरवर बरे बसतात. मी कॉकपिटच्या आत तेच वापरतो. आत बघतंय कोण!

राजापूरहून एक निवृत्त शिक्षक : मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, हातालाही थोडा कंप आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सुरुवात करावी का? आणि हे 72 आणि 48 हे आकडे आले कुठून?

करा. 1/48 मध्ये करा. आकडे इंचा-फुटातून आले. सहा फुटांत 72 इंच असतात, म्हणजे 1/72 मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. 1/48 मध्ये एक फूट म्हणजे पाव इंच. स्पिटफायरचे पंख खरे 11.2 मीटर, ते 1/72 मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर होतात आणि 1/48 मध्ये तेवीसच्या पुढे जातात. डोळ्यांना तो फरक फार मोठा आहे. कंपासाठी दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून, हाताच्या करंगळ्या एकमेकींना चिकटवून काम करा. घड्याळजी तसंच बसतात. बारीक भाग ओल्या ब्रशच्या टोकाने उचला, चिमट्याने नाही. चिमट्यातून उडालेला तुकडा शहाबादी फरशीवर कधीही सापडत नाही.

श्रीवर्धनहून एक वाचक : वडील बोटीवर होते. त्यांच्या पेटीत माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीतला, वर छापील कागद टाचलेला एअरफिक्सचा स्पिटफायर सापडला, न जोडलेला. विकावा का? स्टिकर पिवळे पडले आहेत.

एअरफिक्स ही मूळची हवा भरायची रबरी खेळणी आणि मग कंगवे बनवणारी कंपनी, बरं का. 1950 च्या दशकात तिने पहिलं विमान काढलं ते स्पिटफायर, आणि लहान किट पुढे बरीच वर्षं अशाच पिशवीत, वर टाचलेल्या कागदासह विकले जात. तुमच्याकडचा नेमका कुठल्या साली निघाला हे पिशवी पाहिल्याशिवाय सांगणार नाही, कारण स्पिटफायर त्यांनी पुन्हा पुन्हा नव्याने काढला.

विकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर, ज्या माणसाने तो परदेशातल्या एखाद्या बंदरातून इथवर आणला, त्याने तो विकायला आणला नव्हता. जोडायचा असेल तर पिशवी आणि कागद जपून ठेवा आणि डेकल्सकडे, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या त्या स्टिकरकडे, आधी बघा. पिवळेपणा उन्हाने जातो. डेकलचा कागद पारदर्शक पाकिटात घालून, चित्राची बाजू बाहेर ठेवून पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला चिकटवा. आठवडाभरात फरक दिसतो. अर्थात ऊन हवं, तेव्हा ऑक्टोबर. तोवर तो कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह राहू द्या, कारण डेकलच्या मागचा डिंक ओल धरून चिकटतो आणि कसरीला तो फार आवडतो. सिलिका जेल नसेल तर तव्यावर भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत बांधा, मिठाच्या बरणीत टाकतो तसे. जुनी डेकल्स पाण्यात पडली की तुकडे होतात, म्हणून आधी त्यांच्यावर ग्लॉस व्हर्निशचा पातळ हात द्या आणि मग एकेक चित्र कापून भिजवा. मॉडेलचा पृष्ठभागही गुळगुळीत, चकचकीत हवा. मॅटवर लावलंत तर खाली हवा अडकते आणि डेकलखालून चंदेरी चकाकतं, ते मग सहजासहजी जात नाही.

देवगडहून एक वाचक : रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती पथकाचा लाल नॅट मिळाला आहे. त्याला रुपेरी करून सेखोंचं विमान करता येईल का?

नाही. रेड ॲरोजने 1965 ते 1979 वापरला तो नॅट प्रशिक्षणाचा, दोन माणसांचा. त्याचं धड लांब आणि पंख मोठे. आपला नॅट एका माणसाचा लढाऊ. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवरून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों ज्यात उडाले त्यात मागे कुणी बसायला जागाच नव्हती. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. त्यांच्या नावावर दुसऱ्याचं विमान खपवू नका. तो लाल लालच करा, छान दिसतो. एकआसनी नॅटचा किट शोधा. 1/72 मध्ये पंख जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरचे, म्हणजे तळहातावर मावेल. मुंबईहून चतुर्थीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेत तर नक्कीच मावेल. मी माझे अर्धे किट असेच मागवले आहेत, करंज्यांच्या बदल्यात.

सावंतवाडीहून एक वाचक : आजोबा सांगतात, गोवा मुक्तीच्या वेळी ते खळ्यावर होते आणि डोक्यावरून विमानं गेली. त्यांच्यासाठी त्या विमानाचं मॉडेल करायचं आहे. कुठलं घेऊ? गोव्यात म्युझियममध्ये सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, ते त्या वेळचंच का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. 18 डिसेंबर 1961 ला दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले तेव्हा तिथे पोर्तुगीज विमान कंपनीचं एक सुपर कॉन्स्टेलेशन खरंच उभं होतं. इमारती आणि उभी असलेली विमानं सोडून फक्त धावपट्टी फोडली होती. त्याच रात्री ते आणि दुसरं एक प्रवासी विमान त्या फुटक्या पट्टीवरून उडून गेलं. नौदलाच्या म्युझियममध्ये उभं आहे ते आपलं, पुढे नौदलाने समुद्रावर गस्तीला वापरलेलं. जाऊन बघा मात्र. तिथेच सी हॉक आहे, अलिझे आहे. अलिझेच्या पंखाला पुढे जे फुगीर पेटारे दिसतात त्यांत चाकं मिटतात. तिथे मी किती वेळा डोकं आपटलं आहे त्याची मोजदाद नाही.

आता आजोबांचं विमान. त्या दिवशी हवाई दल पुणे आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या तळांवरून उडत होतं. विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरा दाबोळीवर गेले, मागून आणखी 8. बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर 6 हंटर गेले, रॉकेट आणि तोफांनी. त्यामुळे मुख्य उमेदवार दोन. कॅनबेराचे पंख रुंद, जवळजवळ सरळ आणि प्रत्येक पंखाच्या मधोमध एकेक इंजिन. हंटरचे पंख बाणासारखे मागे कललेले, इंजिन एकच आणि तेही पोटात. 1/72 मध्ये कॅनबेरा पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 27 सेंटिमीटर भरतो, हंटर 14. कपाटात जागा किती आहे हेही बघून ठेवा. हंटर करायचा झाला तर एफ 6 चा किट घ्या, आपले एफ 56 त्याच घराण्यातले. रंग मात्र खोक्यावरच्या चित्रावरून करू नका, 1961 च्या आसपासचा आपल्या हवाई दलाचा फोटो शोधा. 1971 चा फोटो पाहून 1961 चं विमान रंगवणारे पुष्कळ आहेत.

आजोबांना चित्र दाखवून "हे का ते?" असं विचारू नका. दाखवाल त्याला ते हो म्हणतील, माझे वडीलही तेच करायचे. त्यांना कागद आणि पेन्सिल द्या, चष्मा द्या आणि नुसते पंख काढून दाखवायला सांगा. सोबत विचारा, विमानं गेली ती उंचावरून की माडांच्या शेंड्यांवरून, आणि किती होती. तो कागद मला पाठवा, नाहीतर त्याचा फोटो. पुढच्या अंकात कळवतो कुठलं ते.